तारण

"तारण म्हणजे काय?" पाळकसाहेबांनी विचारलं,
दृढीकरणाच्या वर्गात, तापल्या पत्र्याखाली.
मी हात वर केला: "आईची एकदाणी, जी.
दर्यापूरच्या सराफाकडे."
पोट्टे हसले.
शलमोन तायडे तर बाकावरून पडला.

पाळकसाहेब हसले नाहीत.
"मग सोडवणार कोण?"
मला माहीत नव्हतं.
बाबांच्या ऑपरेशनला गेली होती ती,
आणि बाबाही गेले होते.

मे महिन्यात आई व्याज भरायला गेली.
सराफाने वही उघडली, चष्मा पुसला.
"हे तं कोणी भरून गेलं, बाई. पूर्ण."
कोण?
"नाव सांगू नका म्हणे."

आठ दिवस तिने घातली नाही.
ज्वारीच्या कोठीत लपवली, चोरीची असल्यागत.
रात्री उठून बसायची:
"परत तरी कोणाले करू, माय?"

मग रविवारी उपासनेत
ती एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली.
हा असेल? ही?
पेटी वाजवणारी सुलभा नर्स,
दारू न सुटलेला एलीशाकाका,
नालीच्या भांडणापासून तीन वर्षं अबोला धरलेली रूथबाई.
नाव नव्हतं म्हणून
कोणालाच वगळता येईना.

पावसात अंबाडी फुटली,
पहिली जुडी रूथबाईच्या दारात गेली.
"काऊन वं?"
"असंच."

एकदाणी आता माझ्या गळ्यात आहे,
दोन मणी बदललेली.
पाळकसाहेब बदली होऊन गेले.
उत्तर राहिलंच.