मोजे

वळिवड्याच्या छावणीत आप्पा पेरू विकायचे,
आण्याला पाच, दांडगे असतील तर चार.
वय दहा-अकरा. पोलंड हे गावाचं नाव की माणसांचं,
हे त्यांना अजूनही नीट ठरवता आलेलं नाही.
तिथं इर्का नावाची मुलगी होती,
पेरूत इतक्या बिया कशाला म्हणून आप्पांवर चिडणारी.
पंचगंगा पात्राबाहेर आली त्या साली
ती बांधावर उभी राहिली, दोन्ही हात पसरले
आणि म्हणाली, मोजे.
मोजे, मोजे.
आणि रडायला लागली.

आप्पांनी दोन दिवस विचार केला.
तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या दोरीवरून
एक जोड आणून दिला,
करड्या लोकरीचा, टाचेला रफू केलेला.
मार खाल्ला तो वेगळा.
तिनं मात्र ते घातले,
श्रावणातल्या उकाड्यात, गुडघ्यापर्यंत ओढून,
आणि दिवसभर काढले नाहीत.

त्यांच्या भाषेत समुद्राला असंच काहीसं म्हणतात.
मला हे साठी उलटल्यावर कळलं,
सोपोटच्या स्टेशनाबाहेर
लेकीनं बाणाची पाटी वाचून दाखवली तेव्हा.

मी मार्केट यार्डात एकतीस वर्षं गुळाचे भाव लिहिले.
समुद्र मला रत्नागिरीचा माहीत, तो ओरडतो.
हा बोलतच नव्हता.
लाकडी पूल पाण्यात पाव कोस आत गेलेला
आणि त्यावरून चालायला तिकीट!
रंकाळ्यावर कुणी तिकीट लावून बघावं, मी म्हणाले,
अख्खी शिवाजी पेठ रस्त्यावर येईल.
पाण्यात हंस होते. खरेखुरे. समुद्रात.
वेताच्या खोल खुर्च्यांत म्हातारी जोडपी
वाऱ्याकडे पाठ करून,
टोपलीखाली झाकल्यासारखी.
ऑगस्ट, आणि मी स्वेटरवर शाल घेतलेली.
एक बाई माझ्या पदराकडे बघत पोहायला गेली,
परत आली तेव्हाही बघत होती.

बोट बुडवून चाखलं.
मीठ घालायचं विसरलेली आमटी.

मग मोजे काढून मोज्यात उतरले.
हे वाक्य आप्पांसाठी मनात बांधून ठेवलं होतं,
घरी आल्यावर सांगवलं नाही.
पाऊण फर्लांग चालले तरी पाणी गुडघ्याएवढंच.
परत फिरताना काळ्या शेवाळात खडा दिसला,
काकवीच्या रंगाचा. उजेडात धरला तर
चुलाणावरून उतरायच्या जरा आधीचा रस.

गुजरीत हुक्केरींनी भिंग लावलं.
तृणमणी हाय, म्हणाले, झाडाचा चीक,
माणूस नव्हता तवाचा.
विकून काय येणार न्हाई. पण खरा का खोटा
ते घरातच बघा:
गोड्या पाण्यात बुडतो, खाऱ्यात वर येतो.

आप्पा आता ब्याण्णव.
दुपारी जेवणानंतर तासभर जागे असतात.
खाटेशेजारच्या स्टुलावर काचेचा पेला ठेवला.
खडा तळाला गेला.
मूठभर मीठ. ढवळलं. आणखी एक मूठ.
मीठ काय फुकट येतंय व्हय, आतून आवाज.
खडा हलला, काचेला टेकला,
मग आळस दिल्यासारखा वर आला.

आप्पा बराच वेळ बघत होते.
कुठनं आणलास?
सांगितलं.
केवढं हाय?
पलीकडचा काठ दिसत नाही, म्हटलं.
त्यांनी दोन्ही हात पसरायला घेतले.
उजवा उठला.
मोजे, म्हणाले.

पद्मलवहिनी हात पुसत आली,
कपाटातून लोकरीचा जोड काढला
आणि ऑक्टोबरच्या रखरखीत उन्हात
त्यांच्या पायांत चढवू लागली.
मी काही बोलणार, तोवर
त्यांनी दुसरा पाय पुढे केला.