ताकात पाणी किती

ईस्ट रदरफोर्डला, दलदलीच्या कडेला,
खिडक्या नसलेल्या इमारतीत
मी एक आकडा शोधते:
इथून निघालेल्या डॉलरांपैकी
देशाबाहेर किती राहतात?
नोटेला पासपोर्ट नसतो,
विमानतळावर तिचा अंगठा कोणी घेत नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि माझा पगार मूठ न उघडता
आत काय ते सांगण्याचा.

म्हणून आडवाटा.
डिसेंबरात घरच्या नोटा बाहेर पडतात,
पॅरामसच्या दुकानांतून, न्हाव्याच्या बक्षिशीतून हिंडतात,
जानेवारीत थकून आमच्याकडे येतात.
दूरदेशी गादीखाली पडलेल्यांना
इथला नाताळ कळत नाही.
तर फुगवटा किती फिका झाला ते बघायचं,
शेजारच्या कॅनडाशी ताडून,
ज्याच्या नोटा बिचाऱ्या सहसा घर सोडत नाहीत.
ताकाचा थेंब जिभेवर ठेवून
आमची शांताआत्या सांगायची
गवळणीनं पाणी किती घातलं ते.
तेच हे. फक्त जिभेऐवजी
सत्तर पानी अहवाल.

दुसरी वाट माशांची.
पकडायचे, खूण करायची, सोडायचे,
पुन्हा जाळं टाकून
खुणेचे किती लागले ते मोजायचं.
जे कधीच लागत नाहीत
ते दुसऱ्या तळ्यात गेले असं धरायचं.
किंवा इथेच तळाशी झोपले असतील.
फरक कळत नाही, असं मी तळटीपेत लिहिते.
तळटीप कोणी वाचत नाही.

वॉलिंग्टनची हलीना व्रोना वाचते.
एकतीस वर्षं ती मोजणीच्या यंत्रावर आहे.
तिच्या मावशीनं टार्नूफला
कोटाच्या अस्तरात विसाच्या नोटा शिवल्या होत्या.
मावशीला पुरलं त्याच कोटात.
अस्तर आठवलं महिन्याभरानं.
"त्या कुठल्या रकान्यात?" तिनं विचारलं.
म्हटलं, पोलंड.
"सहा फूट खाली," ती म्हणाली. "तेही लिही."

मार्चमधल्या एका मंगळवारी
यंत्रानं शंभराची नोट थुंकली.
जुनी, लहान चेहऱ्याची. कोपऱ्यात लाल डाग.
लाल म्हणजे बँक दरोड्याचा रंग:
थैली फुटते, चोराचे हात माखतात.
वेगळी ठेवा, वर कळवा.
हलीनानं मला फोन केला.

चिमटा, भिंग, पांढरा दिवा.
डाग उडालेला नव्हता, टेकवलेला होता,
अनामिकेच्या टोकाएवढा,
त्यावर दुसरा, त्यावर तिसरा,
कडेला हळदीची पिवळी झाक,
आणि घडीत रुतलेला
अक्षतेचा एक कण.

कोणीतरी दर लक्ष्मीपूजनाला हिला
पाटावर मांडलं होतं, वहीच्या शेजारी,
लाह्या-बत्ताशांच्या समोर.
सतरापर्यंत डाग मोजले, पुढे एकमेकांत मिसळले होते.
इतकी वर्षं ही माझ्या अंदाजात होती,
दशांशचिन्हाच्या कितीतरी उजवीकडे,
उदबत्तीचा धूर खात.
मग काय झालं?
हॉस्पिटलचं बिल, पोरीची फी,
भावाभावांत वाटण्या?
नोट सांगत नाही. नोटेला विचारायची सोय नाही.

"रक्त?" हलीना म्हणाली.
नाही.
"दरोडा?"
नाही गं.
"मग लिहू काय?"
फॉर्मवर चार चौकोन: शाई, रक्त, तेल, इतर.
मी पेन हातात धरून जरा वेळ उभी राहिले.
इतर.

संध्याकाळी नोट चरकात गेली.
तिमाहीतून शंभर वजा,
जे अब्जांच्या रकान्यात दिसत नाहीत.
तांदळाचा कण मी रुमालात बांधला.
नियमावलीत तांदळाबद्दल काही नाही.

पार्किंगमध्ये चिखलाचा वास.
पुलाखाली बगळा उभा होता, एका पायावर.
पाण्यात एकूण किती आहेत
हा प्रश्न त्याला पडलेला दिसला नाही.
मी गाडीत बसून बराच वेळ
त्याच्याकडे बघत राहिले.