दंडावरून दंडावर

कुलवृत्तांताच्या एकशे बाराव्या पानावर
नारो विठ्ठल फणसे, त्यांचे चार मुलगे,
मग बारीक टाइपात: कन्या एक.
बस. पुढे दुसरं घराणं.

त्या एकीच्या मागे बडोद्याला आले.
आधी चाणोद. उपाध्यांनी वही उलगडली,
नर्मदेचा वारा, पानावर दगड ठेवला.
अस्थी घेऊन आलेले सगळे पुरुष.
"बायांची नावं कोण सांगतंय?" म्हणाले,
चहा मात्र पाजला.

मग कोठी कचेरी.
"रिसेस पछी आवजो, बेन."
तीन दिवस रिसेसच.
चौथ्या दिवशी एक पगारपट, वाळवीने विणलेला.
मोडीचं एकेक अक्षर बोटाने उसवत गेले:
बाई आवडा, देवी काढणार,
दरमहा रुपये सात, पैकी बैलभाडे वजा.

म्हणजे माहेरची ठकी ती सासरी आवडा,
एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसलेली,
आणि नंतर गाडीत बसून गावोगाव.

पगारपटाखाली तिची वही.
तेव्हा लस बाटलीतून येत नसे.
एका पोराच्या दंडावरचा फोड पिकला
की त्यातला थेंब दुसऱ्याच्या दंडात.
आठव्या दिवशी पुढचं गाव. साखळी तुटता कामा नये.

*पादरा. मणी, वय चार, कोळ्याची.
तिजवरून गलाल, वाण्याचा.
त्याजवरून इब्राहिम, पिंजाऱ्याचा.
सावली. वेस बंद. दगड मारिले. परत.
संखेडा. देवीच्या वाटेत आडवी आलीस, म्हणाले.
दोनच पोरे. दोन पुरेत.*

कुणाला कुणापासून, सगळं नीट लिहिलेलं.
कुणाच्याच कुलवृत्तांतात नसलेलं.

मी उलटी चाळत पहिल्या पानाशी आले.
संवत १९२६. एकच ओळ:
*बडोदे. कृष्णी, वय दोन, माझी.*

कृष्णीची मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी:
चार आडनावं ओलांडून मी.
डाव्या दंडावर दोन खळ्या, चवलीएवढ्या,
रोज साबण लावते त्यांना
आणि कधी बघितलं नव्हतं.

झेरॉक्सचे पैसे मनसूरींनी घेतले, मोजून.
पावती फाडली.
कुलपाची किल्ली हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले,
मग म्हणाले,
"बेन, पादरावाळुं पानुं
फरी एक वार बतावो ने."