पाचशेतल्या तीनशे बारा

डुलुथ. सरोवर गोठलेलं.
बापाच्या गॅरेजात हातमोजे घालूनच
ड्रम शिकला लाइल हकाला,
म्हणून आमचा ठेका कायम जरा बोथट.
एका समीक्षकानं – एकमेव – त्याला शैली म्हटलं.

रेकॉर्ड काढायला व्हॅन गहाण टाकली,
मग रेकॉर्ड विकायला व्हॅनच नव्हती.
हा आमचा इतिहास. बाकी तळटीपा.

तरी फार्गोला सतरा माणसं आली होती.
त्यांतली चार पुढच्या बँडची,
एक बाई नुसती फोन करायला आत शिरलेली.
ती शेवटपर्यंत थांबली,
रिसीव्हर आमच्याकडे धरून.
पलीकडे कोण ऐकत होतं, विचारायचं राहिलं.

मोठ्या कंपनीचं पत्र आलं एकदा.
डेलानं त्याच्या पाठीवर यादी लिहिली:
बटाटे, गिटारच्या तारा, मेणबत्त्या.
त्यावरून अकरा वर्षं अबोला.

लाइल गेल्यावर मर्नानं तळघर उघडलं.
आम्ही तिघांनी खोकी मोजली, डेलाही होती.
पाचशेतल्या तीनशे बारा शिल्लक.
म्हणजे एकशे अठ्ठ्याऐंशी
कुणाच्या तरी घरात आहेत.

हातमोजेही निघाले.
उजव्याचा अंगठा पार झिजलेला.
घालून पाहिला.
मला सैल होतो.