शीर

सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत मी खाणींचे नकाशे काढायचो.
निवृत्तीला आठ दिवस उरले होते, एप्रिल,
खसच्या ताट्यांवरून पाणी टपकत होतं,
तेव्हा रद्दीत एक जाड अहवाल सापडला:
ग्रीसच्या डोंगरातली खाणींची गावं,
सुलतानाच्या अमलातली.

खाण गावाची, भट्ट्या गावाच्या,
न्यायनिवाडाही गावातच.
सुलतानाला हवी फक्त चांदी,
दरसाल, ठरल्या वजनाची.
मग शीर आटली.
इस्तंबूलला कोणी कळवलं नाही.
खाण संपली म्हणावं, तर सनदही संपते.
त्यांनी बाजारातून स्पॅनिश नाणी विकत घेतली,
वितळवली,
आणि आमच्या डोंगरातली म्हणून
पाठवत राहिले.

अहवाल मिटला. समोर कांद्री.
वडील तिथे हजेरीबाबू होते.
भाकरीत मँगनीज कचकचायचं,
शेंबूडसुद्धा काळा.
बायका हातोडीनं दगड फोडायच्या,
लाकडी पेटी भरली की वहीत एक काडी.
ज्या वर्षी तिसऱ्या खड्ड्यातला माल संपला
त्या वर्षी काड्या कमी झाल्या नाहीत.
ठेकेदार खूश होता.
वडील रात्री कंदील मोठा करून
वहीकडे नुसते बघत बसायचे.

एका पहाटे मी लोटा घेऊन निघालो, तर
फुलवंती कुंभरे आपल्याच घराचा ओटा फोडत होती.
सासऱ्यानं रचलेला, काळाकुळकुळीत,
बसून बसून गुळगुळीत झालेला.
शेजारच्या दोन घरांचे ओटे आधीच गेले होते.
दारं अधांतरी.
मला पाहून तिचा हात थांबला नाही.
"काय पायतं रे बाबू? हे बी खदानच हाये ना."

खड्डा बंद म्हणजे लाइनीतल्या झोपड्या उठणार,
हे मला फार उशिरा कळलं.
वडिलांना तेव्हाच ठाऊक असावं.
त्या दिवशीची नोंद त्यांच्याच अक्षरात:
कुंभरे फु., पेट्या तीन, प्रत उत्तम.

आणि पुढे मी, त्यांचा मुलगा,
त्याच आकड्यांवरून त्या शिरेचा नकाशा काढला.
शीर होती त्याहून चार वर्षं लांब.
आता तो कागद पुन्हा टेबलावर पसरला
तर ती झोपड्यांच्या रांगेखालून जाते,
घरामागून घर, तुटक रेघेत.

आमच्यात तुटक रेघ म्हणजे अंदाज.

खोडरबर हाताशीच होतं.
मी दौतीचं झाकण उघडलं,
पट्टी लावली,
आणि ती रेघ सलग केली.