बहुधा

विदू निवृत्त होऊन ग्वाल्हेरला आला,
डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, जानेवारीत,
जेव्हा धुक्यामुळे किल्ला तीन-तीन दिवस दिसत नाही
आणि तरी सगळे म्हणतात, तो काय, समोरच तर आहे.

शेजारच्या तिवारीणबाईंनी गजकाचा डबा देता देता विचारलं,
भाईसाहब दिल्लीत नेमके काय होते?
सरकारी नोकरीत, मी म्हटलं.
आई तर 'पोस्टात' सांगायची,
आणि ते अगदीच खोटं नव्हतं:
दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचवणं.
शेवटची चार वर्षं तो सगळ्या हेरखात्याचा प्रमुख होता.
पेपरात नाव यायचं. फोटो मात्र कुणाकडे नव्हता,
आमच्याकडेसुद्धा, मुंजीनंतरचा.

मी लष्करातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं,
वर्गात अकरा मुली उरल्या, मग चार, तोवर.
कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक.
'बहुधा' कुठल्या खणात ठेवायचं
ते मला कधी नीट ठरवता आलं नाही.

तिसऱ्या रात्री लाइट गेली.
अंगठीत कोळसे होते, त्याच्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
आणि त्याला मी दिसत नव्हते म्हणून असेल, तो बोलला.

रोज आठ वाजून दहा मिनिटांनी, ताई,
पंतप्रधानांसमोर एक पान.
काय माहीत आहे. काय माहीत नाही. मला काय वाटतं.
तीन परिच्छेद, एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत.
बास, एवढंच काम. बाकी जेवणं आणि फायली.
काय करावं हे सांगायचं नाही,
ते ठरवायला लोकांनी त्यांना निवडून दिलेलं.
आपण फक्त कंदील धरायचा,
आणि त्यांना हवं तिकडे नाही वळवायचा.

मग बराच वेळ कोळसेच तडतडले.

एकदा मी लिहिलं,
नदीपलीकडची ती इमारत बहुधा रिकामी आहे.
पान तीन टेबलांवरून फिरून माझ्या हातात परत आलं
तेव्हा त्यात एक शब्द कमी होता.
पेन्सिलीनंसुद्धा खोडला नव्हता,
नवीनच टाइप केलेलं, स्वच्छ पान.
मला ते दारातच दिसलं.
घड्याळात आठ वाजून नऊ.

आणि?

आणि मी ते दिलं.

का, असं मी विचारलं नाही.
तोच म्हणाला, कारण मलाही वाटत होतं ती रिकामीच आहे.
कारण त्या शब्दाशिवाय वाक्य बरं दिसत होतं.

आत किती जण होते ते त्यानं सांगितलं.
तो आकडा मी इथे लिहीत नाही.
त्यातली एक स्वयंपाकीण होती, हे लिहिते,
कारण हेही त्यानं सांगितलं, न विचारता.
दुसऱ्या दिवशी आठ-दहाला तो पुन्हा गेला, नवीन पान घेऊन.
कुणी ओरडलं नाही. तेच वाईट, म्हणाला.

मला झोप लागली नाही.
तो नववीत असताना त्याचे निबंध मीच तपासायची,
मी तेव्हा बी.ए.ला, हातात लाल पेन्सिल, नाकावर राग.
समासात एकदा लिहिलेलं मला अजून आठवतं:
'जणू, बहुधा, कदाचित, हे डगमगते शब्द काढून टाक.
वाक्य ताठ उभं राहील.'
बक्षीस मिळालं होतं त्या निबंधाला.
दौलतगंजात आईनं पेढे वाटले.

सकाळी तो खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला होता,
हातात कपबशी, उघडा डोळा चहाच्या वाफेत.
ताई, किल्ला दिसतोय का गं?

बाहेर कापूस. समोरचा विजेचा खांबही नव्हता.
सत्तर वर्षं मी या गावात राहते.
किल्ला जाईल कुठे, असं अगदी ओठांवर आलं होतं.

थांब, म्हटलं,
आणि शाल घेतली, पायात चपला सरकवल्या,
आणि बघायला खाली उतरले.