चार भोकं

शिरोड्याच्या शालन मेतरबाईंचं गेट
टेम्पोत घालून पुन्हा कुडाळच्या एमआयडीसीत आणलं.
दोनच वर्षं झाली. मी तोंडभरून दहा सांगितली होती.

इनास फर्नांडिस हात लावत नाही, वाकून बघतो.
बाकी गेट तसंच आहे,
वरची ट्यूबलाइट त्यात सरळ दिसते.
ऊन पचवलंय, पोरांच्या सायकलींची पेडलं,
रोज सकाळी टेकवलेली मासळीची टोपली.
फक्त मधोमध दोन स्क्रू
आणि त्यांच्याखाली वीतभर तांबडी धार.

"ह्यां कोणी केल्यान?"

बाईंनीच. नवरा गेल्यावर त्याच्या नावाची पाटी लावायला,
शेजारच्या पोराकडून ड्रिल मागून.
"खारो वारो नाव वाचणा नाय," इनास म्हणतो,
"तो भोक शोधता."

मी फोन लावतो.
पाटीची भोकं या वेळी रंगाआधीच पाडू, दोन ना?
पलीकडे कुकरची शिट्टी. मग काही नाही.
"चार पाड," बाई म्हणतात,
"खाली माझीपण येईल."

जुनी साल जाळली. चार भोकं पाडली,
कडा कानशीनं मोडल्या,
धारेवर रंग ठरत नाही, पळतो.
मग आंघोळी: तेलाची, गंजाची, फॉस्फेटची,
मधेमधे साधं पाणी.

मग बंदूक.
पूड कोरडी, तांदळाच्या पिठाहून बारीक,
थिनरचा वास नाही,
विजेचा भार घेऊन निघते
आणि तारेनं जमिनीशी जोडलेल्या लोखंडाला
मागून जाऊनही बिलगते.
या घडीला फुंकर मारली तरी सगळं उडेल.
इनास पंखा बंद करतो. मला शिंक येते, मी बाहेर पळतो.

भट्टी दोनशेवर. वीस मिनिटं.
पूड वितळते, पसरते, एकमेकींत अशी गुंतते
की पुन्हा तापवली तरी वितळायची नाही.
"पॉ-ली-यु-रेथेन," इनास म्हणतो,
नव्या सोयऱ्यांचं आडनाव घ्यावं तसं, जपून.
मीटर लावतो. साठ मायक्रॉन.
केसाच्या जाडीचं काहीतरी
आणि पलीकडे अख्खा समुद्र.

गेट गार झाल्यावर तो टॉर्च घेऊन
चारही भोकांत डोकावतो,
एकेका डोळ्यानं, सावकाश.
बिलात त्यांचे पैसे लावत नाही.
टेम्पो सुरू केल्यावर मागून ओरडतो,
"पितळेचे स्क्रू नको! बाईक सांग.
आणि नायलॉनचो वायसर घाल!"